खरी श्रीमंती कशात?
(शताब्दी मेळ्यातील भाषण)



श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि त्यांचा ‘योगसंग्राम’ आपल्याला परके नाहीत. ज्या धर्माच्या घरात ते जन्मले, त्या इस्लाममध्ये श्रीमंती कशाला म्हणतात, तेवढंच आज आपण पाहू.

पैगंबरांची शिकवण अशी सांगतात, की ढीगभर मालमत्ता म्हणजे श्रीमंती नव्हे. मन तृप्त असणं ही श्रीमंती. या तृप्तीला तिकडं ‘कनाअत’ म्हणतात. आणखी एक शिकवण आहे. आखाड्यात दुसऱ्याला चीत करतो तो खरा पहिलवान नव्हे. राग आल्यावर स्वतःला आवरतो तो पहिलवान. आपण रोज ‘सबुरी’ म्हणतो ना, तो शब्दही अरबी ‘सब्र’वरून आलेला.

दिल्लीचे हजरत निजामुद्दीन औलिया १३२५ साली गेले. त्यांच्याकडं धान्य, कापड, पैसा यांचा ओघ असे. आलं ते वाटून टाकायचं आणि दर शुक्रवारी कोठार झाडून रिकामं करायचं, असा त्यांचा शिरस्ता सांगतात. स्वतः सदा रोजे धरायचे. पहाटेचं जेवण पुढं आलं, की मशिदीत, दुकानांच्या आडोशाला उपाशी निजलेले लोक आठवून घास गिळवत नसे. सुलतानानं भेटीची इच्छा धरली, तेव्हा घराला दोन दारं आहेत, तो एकानं आला तर आम्ही दुसऱ्यानं जाऊ, असा त्यांचा निरोप गेला. ज्याला काही नको, त्याला भीती कुणाची? त्यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब दौलताबादेला आले. त्यांची कबर वेरूळजवळ खुलताबादेत आहे.

आता आपल्याकडं बघू. शंभर वर्षांपूर्वी आपल्या वाडवडिलांच्या डोक्यावर वळकटी होती. आज ट्रक, तंबू, टँकर आहे. सोय वाईट नाही. पण पंगतीत आधी कोणाला बसवतो, देणगीदाराला की थकून मागं राहिलेल्या म्हातारीला? तळावर पाण्यावरून शब्दाला शब्द लागला, तर आधी गप्प कोण बसतो? दिंडीची शिल्लक तिथं मोजायची, वहीत नव्हे. वहीतली शिल्लक कुणालाच बरोबर नेता येत नाही.

म्हणून एक विनंती आहे. यंदा पंढरीत उरलेला शिधा गाडीत घालून परत आणायचा नाही. तिथंच भुकेल्याला वाटू आणि रिकाम्या पोत्यांनी, भरल्या मनानं घरी येऊ.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!