परिस्थिती आणि माणूस



माणूस जसा वागतो तसा तो मुळातच असतो, असे आपण सहज म्हणतो. सामाजिक मानसशास्त्र मात्र आधी विचारते, तो कोणत्या परिस्थितीत उभा होता?

कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. निम्मे उच्चवर्णीय, निम्मे दलित. जात उच्चारली नाही तेव्हा दोघांनीही जवळजवळ सारखीच कोडी सोडवली. दुसऱ्या तुकड्यांत आधी प्रत्येकाचे नाव, गाव, वडील-आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचली गेली. तेथे दलित मुले लक्षणीय मागे पडली. हा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला.

कोडी तीच, मुलेही तशीच. बदलली ती परिस्थिती! भगवान बुद्धांचा प्रतीत्यसमुत्पाद हेच सांगतो, कारण दूर केले की परिणामही दूर होतो.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, अभ्यास कसून करा. पण गुण कमी पडले तर ते आपल्या रक्तातच आहे, असे कदापि मानू नका. आणि आम्हा वडीलधाऱ्यांचे कर्तव्य काय? शिष्यवृत्तीसाठी जात कागदावर लागते, वर्गात पुकारावी लागत नाही, हे आम्ही शाळांत जाऊन नम्रपणे पण ठामपणे सांगू. विहारात रोज संध्याकाळी अभ्यासिका चालवू. 'तुला जमेल' म्हणणारी माणसे भोवती असणे, हीसुद्धा परिस्थितीच आहे. ती घडविणे आपल्या हाती आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!