लेखणी, वर्तन आणि आपण वाचक
(संस्थेच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



ज्याच्या शब्दांनी आपल्याला ताठ उभे केले, त्या लेखकाच्या वर्तनावर गंभीर आरोप झाले तर त्याच्या पुस्तकाचे काय करायचे? हा प्रश्न आपल्याच घरातला आहे.

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि ढसाळ तिच्या संस्थापकांपैकी एक होते. ज्या बायकांना पाहून सभ्य समाज मान फिरवतो, त्यांना या कवीने कवितेच्या मधोमध आणून बसवले. मराठी कवितेवरचे हे ऋण कोणालाही नाकारता येणार नाही.

१९८४ साली मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन आले. त्या ढसाळांच्या पत्नी, स्वतः कवयित्री आणि आपल्या शेजारच्या बार्शीचे शाहीर अमर शेख यांच्या कन्या. नवऱ्याचे व्यसन, मारहाण, त्याच्याकडून लागलेला गुप्तरोग, हे सारे त्यांनी उघडपणे लिहिले. ही एका बाजूची साक्ष आहे, हे खरे. पण ती त्याच घरात राहिलेल्या स्त्रीने स्वतःच्या नावानिशी, नवरा हयात असताना दिलेली आहे. ढसाळांचे निधन त्यानंतर तीस वर्षांनी, २०१४ साली झाले.

काही जण म्हणतात, असली पुस्तके वाचू नयेत, विरोधकांच्या हाती कोलीत मिळते. बंधूंनो, बायकोला मारणे ही कोणा एका जातीची मिरास नाही. या पुस्तकाचा आधार घेऊन केवळ दलित पुरुषाला हिणवणाऱ्याला आपण हे ठणकावून सांगू. परंतु त्याच्या भीतीने आपल्याच भगिनीला गप्प बसवणे ही चळवळ नव्हे. हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी आहोत. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. साहित्यातली भक्ती तरी निराळी कशी असेल?

कोणी अंगुलिमालाचे उदाहरण देतात. तथागतांनी त्याला संघात घेतले, हे खरे. पण त्याने आधी शस्त्र टाकले आणि पुढे भिक्षेला गेल्यावर लोकांचे दगडही सोसले. शिवाय क्षमा करण्याचा अधिकार ज्याने सोसले त्याचा असतो. वाचकाने परस्पर ती देऊन टाकू नये. पंचशीलातून कवीला सूट नाही.

मग 'गोलपिठा' कपाटात बंद करायचा का? माझे उत्तर नाही असे आहे. त्यातली भूक आणि वस्तीची वेदना खोटी ठरत नाही. ती एकट्या कवीची मालमत्ताही नाही, तिथे जगलेल्या हजारोंची ती आहे. मात्र आता तो पूर्वीसारखा वाचता येणार नाही. या कवितेत स्त्री स्वतः कुठे बोलते आणि पुरुषाच्या संतापाचे केवळ साधन कुठे होते, हे प्रत्येक पानावर विचारावे लागेल.

माझी सूचना साधी आहे. वाचनालयात ही दोन्ही पुस्तके एकाच फळीवर ठेवा. शेजारी ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' ठेवा. एक पुस्तक वाचून दुसरे टाळू नका. आज आपल्या जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळ्याला १९४१ साली बाबासाहेब येऊन गेले. त्या मातीतल्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याची भीती कशाला? कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते: कोणी थोर सांगतो म्हणून मानू नका, तपासून घ्या.

मुलांनो, सभेत समतेची कविता म्हणाल तेव्हा घरी आई-बहिणीशी कसे वागता, तेही तपासा. मुलींनो, सोसावे लागले तर लिहा, बोला. ऐकून घेण्याची जबाबदारी या समाजाची आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!