वेगळ्या निकालपत्राचे मोल



तुलनात्मक संविधान कायद्याच्या या परिषदेसाठी आपण दूरदूरहून आलात. स्वागत समितीच्या आणि समस्त अमरावतीकरांच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत! देशोदेशीच्या निकालांची चर्चा अमरावतीत कशासाठी, असे काहींनी विचारले. त्याचे उत्तर मी अभिमानाने देतो.

सप्टेंबर 1949 मध्ये संविधान सभेत घटनादुरुस्तीच्या कलमावर चर्चा चालू होती. आमच्या भाऊसाहेबांनी, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांनी, सूचना मांडली की व्यक्तीच्या हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती कोणालाच करता येऊ नये. केलीच तर ती रद्दबातल ठरावी. सभेने ती स्वीकारली नाही.

पंधरा वर्षांनी हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे वेगळ्या वाटेने आला. सज्जन सिंग खटल्यात सतराव्या घटनादुरुस्तीला आव्हान होते. पाच जणांच्या घटनापीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश गजेंद्रगडकर. पीठावर न्या. जनार्दन रघुनाथ मुधोळकर होते. अमरावतीचे नामांकित वकील आणि 1912 च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांचे हे चिरंजीव. 30 ऑक्टोबर 1964 रोजी दुरुस्ती वैध ठरली. मुधोळकरही त्या निकालाशी सहमत होते. तरी त्यांनी वेगळे निकालपत्र लिहिले आणि त्यात एक शंका नोंदवून ठेवली: घटनेचे एखादे मूलभूत वैशिष्ट्यच बदलले, तर तिला नुसती दुरुस्ती म्हणायचे, की तो घटनेचा भाग नव्याने लिहिणेच झाले?

या विचाराला त्यांनी आधार घेतला तो पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाचा. राष्ट्राध्यक्ष अयूब खान यांनी अडचणी दूर करण्याच्या अधिकाराखाली आदेश काढून मंत्र्यांना विधिमंडळातले सदस्यत्व राखण्याची मुभा दिली होती. घटनेचे मूलभूत वैशिष्ट्य असे आदेशाने बदलता येणार नाही, असे 1963 मध्ये फजलुल कादर चौधरी खटल्यात ठरले. तो निकाल मुधोळकरांनी वाचला, आदराने उद्धृत केला. पुढच्याच वर्षी हे दोन देश युद्धात उतरले. न्यायबुद्धीला सरहद्द नसते याचा इतका बोलका दाखला मला दुसरा ठाऊक नाही.

पुढचा केशवानंद भारतींचा खटला आपणा सर्वांना पाठ आहे. तेरा न्यायमूर्ती, 68 दिवसांची सुनावणी, मुंबईचे पालखीवाला आणि सीरवाई समोरासमोर, आणि 24 एप्रिल 1973 रोजी सात विरुद्ध सहा असा निकाल. मुधोळकरांची शंका आता मूलभूत संरचनेचा सिद्धांत झाली होती.

1989 मध्ये बांगलादेशाने तो उचलला. आठव्या घटनादुरुस्तीने ढाक्याबाहेर उच्च न्यायालयाची सहा कायम खंडपीठे केली होती. तीन विरुद्ध एक अशा बहुमताने ती रद्द झाली. खंडपीठ म्हणजे दारी आलेला न्याय, असे मानणाऱ्या आम्हा वैदर्भीयांना हा निकाल सहज पटणारा नाही, आणि म्हणूनच तो बारकाईने वाचायला हवा. केनियात उच्च न्यायालयाने व अपील न्यायालयाने हा सिद्धांत मान्य केला, पण मार्च 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. लोकांनी दुरुस्तीसाठी स्वतःच घातलेली वाट पुरेशी आहे, असे त्यांचे म्हणणे. खुद्द पाकिस्तानात 2015 साली बहुसंख्य न्यायमूर्तींनी संसदेच्या अधिकाराला मर्यादा असल्याचे मानले, मात्र लष्करी न्यायालयांची दुरुस्ती कायम ठेवली. मला ते अर्धवट वाटते. त्यावर इथे कडाक्याचे वाद व्हावेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक आग्रहाची विनंती आहे. हेडनोट वाचून निकाल समजला असे समजू नका. बहुमताबरोबरच वेगळी निकालपत्रे आणि विरोधी मतेही शेवटपर्यंत वाचा. सज्जन सिंग खटल्याची हेडनोट पाहून कोण म्हणेल, की पुढच्या पन्नास वर्षांचे बीज आत कुठेतरी पडून आहे? म्हणून समितीने या वेळी प्रत्येक सत्रात एक तरी असहमतीचे निकालपत्र मुद्दाम ठेवले आहे, आणि त्यांचे मराठी सारांश तुमच्या पिशवीत आहेत.

राहण्या-जेवणात काही उणे राहिले तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. दुपारी गिला वडा आहे, तो चुकवू नका. पहिले सत्र केनियावर आहे. अध्यक्ष महोदयांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, अशी मी त्यांना विनंती करतो.