नाचायला अर्थ कशाला?



आमचे अण्णा शाळेत गणित शिकवायचे. घरात त्यांना कधी आवाज चढवावा लागला नाही; चष्म्यावरून एकदा पाहिलं की पुरे. अशा अण्णांना मी एकदा नाचताना पाहिलं. १९६९ साल, रविवारची सकाळ. अर्ध्या गालावर साबणाचा फेस, हातात दाढीचा ब्रश, कोनाड्यात ट्रान्झिस्टर आणि त्यावर 'ईना मीना डीका'. धोतराचा सोगा सावरत अण्णा चक्क गिरक्या घेत होते!

मी दहा वर्षांची. मला हसू आवरलं नाही. अण्णा थबकले, त्यांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "नळ चालू राहिलाय का बघ."

हे गाणं १९५७ सालच्या 'आशा' चित्रपटातलं. विविध भारतीचा जन्मही त्याच वर्षीचा. शब्द राजेंद्र कृष्ण यांचे, संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचं. असं सांगतात, की त्यांच्या संगीताच्या खोलीबाहेर मुलं खेळताना राज्य कुणावर हे ठरवायला काहीतरी बडबडत होती. त्या बडबडीवरून मुखडा सुचला आणि त्यांचे गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात 'मला नको' अशा अर्थाचे कोकणी शब्द घातले. खेळातली इंग्रजी, घरची कोकणी आणि बाकी सगळा आनंदीआनंद!

अण्णा अर्थाशिवाय पाऊल न टाकणारे. त्यांना हे गाणं का आवडावं, हा प्रश्न मला पुढं कितीतरी वर्षं पडायचा. आता वाटतं, त्याला अर्थ नाही म्हणूनच. विरहाचं गाणं लागलं की आपल्याला विरही व्हावं लागतं, भक्तिगीताला हात जोडावे लागतात. हे गाणं आपल्याकडून काहीच मागत नाही. शब्द कळायचे नसतात, त्यामुळं डोक्याला सुट्टी. ठेका असा धावता, की पाय परवानगी विचारत नाहीत. पडद्यावरचा किशोरकुमारही काही रीतसर नाचत नाही, धडपडतो, लोळतो. म्हणजे चुकण्याचा प्रश्नच मिटला! याच गाण्याचा आशा भोसले यांच्या आवाजातला अवतारही त्याच चित्रपटात आहे, आणि तोही तितकाच खट्याळ.

याच चितळकरांनी १९५१च्या 'अलबेला'त भगवानदादांना नाचवलं होतं. दादांचं नाचणं किती साधं! दोन पावलं, थोडी कंबर, हात हलके. ज्याला नाचता येत नाही अशा माणसालाही वाटावं, एवढं तर मला जमेल. आणि १९६३ साली ज्या चालीनं पंडित नेहरूंचे डोळे पाणावले, ती 'ऐ मेरे वतन के लोगों'ची चालही चितळकरांचीच. रडवण्याचा मान मोठा खरा. पण मास्तरला दाढी अर्धी सोडून नाचवणं, हेही काही सोपं नाही.

आपल्याकडचा मध्यमवर्गीय माणूस नाचतो कधी? वरातीत नाहीतर विसर्जनाच्या मिरवणुकीत, तेही चौघांनी ओढल्यावर. एकट्यानं, उगाचच नाचायचं म्हणजे आपल्याला चोरी केल्यासारखं वाटतं. आणि त्या चोरीत अण्णांना मी पकडलं होतं.

त्यानंतर ते गाणं लागलं की अण्णा वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. वर्तमानपत्राखाली पायाचा अंगठा मात्र हलत असायचा. तो मला दिसायचा, पण 'अण्णा, नाचा ना' असं म्हणायचं धाडस मला झालं नाही. १९९१ साली ते गेले. त्यांची शिस्त, त्यांचे पाढे, सगळं सगळ्यांना आठवतं. गिरकी फक्त मला माहीत.

गेल्या महिन्यात पोळ्या लाटताना रेडिओवर तेच गाणं लागलं. गुडघे कुरकुरत होते, तरी लाटणं हातात धरून मी ओट्यापासून फ्रिजपर्यंत नाचत गेले. वळून पाहते तो दारात नातू. फिस्सकन हसला. हात रेडिओच्या बटणाकडं गेलाच होता. क्षणभर थांबले आणि आवाज मोठा केला.

"आजी, पोळी करपतेय!" तो ओरडला.

"करपू दे. ये इकडं."

तो आला. दोघंही चुकत होतो. अण्णा, त्या दिवशी मी हसायला नको होतं, असं नाही. हसून तुमच्याजवळ यायला हवं होतं.