कापूस, कापूर आणि फिल्म

आमच्या दिंद्रुडच्या शिवारांत फुटणारें कापसाचें बोंड म्हणजे बहुतांशीं सेल्युलोजच. द्राक्षशर्करेचे हजारों रेणू एकापुढें एक गुंफून ही सांखळी बनते. अशा महारेणूंना पॉलिमर म्हणतात. ही कल्पना स्टाउडिंगर यांनीं 1920 सालीं मांडली, तेव्हां पुष्कळ पंडितांस ती पटली नाहीं. 1953 सालीं मात्र त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

कापसावर गंधकाम्लाच्या साह्यानें नत्राम्लाची क्रिया करावी व त्यांत कापूर, होय, देव्हाऱ्यांतला तोच, कालवावा, म्हणजे सेल्युलॉइड होतें. कापराचे चिमुकले रेणू सांखळ्यांच्या मध्यें शिरून त्यांना सरकूं देतात. म्हणून ठिसूळपणा जातो. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 सालीं याच जातीच्या फिल्मवर उतरला. पण नत्राम्लापासून आलेला प्राणवायु तिच्या अंगांतच असल्यानें ती पेटली कीं पाण्याखालींही जळते! पुण्यास फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांत 8 जानेवारी 2003 रोजीं लागलेल्या आगींत अशीं हजारों रिळें भस्मसात् झालीं. एवढ्या ठेव्याची आपण अधिक काळजी घ्यावयास हवी होती, असें मला वाटतें.

पुढें नत्राम्लाऐवजीं शिरक्यांतलें अम्ल योजून केलेली फिल्म आली. ती तशी भडकत नाहीं. मात्र जुनी होऊन कुजूं लागली कीं डब्याचें झांकण उघडतांच आंबट वास येतो.