विद्युतशास्त्राची परीक्षा : तयारी कशी करावी?



महाविद्यालयीन पदार्थविज्ञानात विद्युतशास्त्राचा भाग सुरू झाला, की अनेक विद्यार्थ्यांच्या मनात धास्ती निर्माण होते. यांत्रिकीतील चेंडू डोळ्यांना दिसतो. विद्युत्‌प्रभार दिसत नाही. त्यातच मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे विभव, विभवांतर हे ओळखीचे शब्द जाऊन ‘पोटेन्शियल’, ‘पोटेन्शियल डिफरन्स’ असे शब्द येतात. अडचण विषयाची की भाषेची, याचा उलगडा होत नाही आणि तो सूत्रे पाठ करू लागतो. एका विषयापायी वर्ष वाया जाणे ही, पदरमोड करून मुलाला तालुक्याच्या गावी ठेवणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने, लहान गोष्ट नव्हे.

म्हणून तयारीचा आरंभ संज्ञांच्या अर्थापासून व्हावा. वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी संज्ञा व तिचे एकक आणि उजव्या पानावर स्वतःच्या मराठी वाक्यात तिचा अर्थ लिहावा. विद्युत्‌क्षेत्र म्हणजे एकक धन प्रभारावरील बल. त्याला दिशा असते. विभव म्हणजे एकक प्रभारामागील कार्य. त्याला दिशा नसते. हा भेद एका आकृतीने पक्का होतो. समान मूल्याचे एक धन व एक ऋण प्रभार घेतल्यास मध्यबिंदूवर विभव शून्य येते, क्षेत्र मात्र शून्य नसते. दोन्ही प्रभार धन केले, की तेथे क्षेत्र शून्य होते आणि विभव उरते. ज्याला हे कारणासह सांगता येते, त्याचे स्थिर विद्युतचे निम्मे काम झाले.

सूत्राची निवड हे दुसरे फसवे ठिकाण. 230 व्होल्टवर चालणारे 60 वॅट व 100 वॅटचे दोन तंतुदीप एकसरीत जोडून 230 व्होल्टचा पुरवठा दिला, तर अधिक प्रकाश कोणता देईल? घाईने उत्तर येते, 100 वॅटचा. वस्तुतः 60 वॅटच्या दिव्याचा रोध सुमारे 882 ओहम, तर 100 वॅटच्या दिव्याचा 529 ओहम. एकसरीत प्रवाह दोहोंतून सारखाच वाहतो. शक्ती ही प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. म्हणून 60 वॅटचा दिवा अधिक उजळतो. (पुरेसा न तापलेल्या तंतूचा रोध याहून कमी असतो, तरी क्रम बदलत नाही.) शक्तीची सूत्रे तिन्ही खरी आहेत; प्रश्नात समान राहणारी राशी कोणती, हे आधी शोधले पाहिजे. धारित्राचेही तसेच. विद्युत्‌घटाला जोडलेल्या धारित्रात विद्युत्‌रोधक पट्टी सरकवली तर विभवांतर कायम राहून प्रभार वाढतो. घट काढून घेतल्यावर सरकवली तर प्रभार कायम राहून विभवांतर घटते. वाक्यातील ‘काढून घेतल्यावर’ हा शब्द न वाचणारा विद्यार्थी सारे गणित अचूक मांडून उत्तर चुकवतो.

सोडवलेली उदाहरणे नुसती वाचणे हा अभ्यास नव्हे. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, घड्याळ लावून ती सोडवावीत. मायक्रोफॅरड, सेंटिमीटर ही एकके पहिल्याच ओळीत मूळ एककांत आणावीत. जागरणाचा उपयोग मात्र फारसा होत नाही.

किर्चॉफने 1845 साली मांडलेल्या नियमांवरील प्रश्नात प्रत्येक शाखेतील प्रवाहाची दिशा आरंभी गृहीत धरून आकृतीवर बाणाने दाखवावी आणि शेवटपर्यंत बदलू नये. उत्तर ऋण आले, की पुष्कळ विद्यार्थी घाबरून ते खोडतात. ऋण चिन्हाचा अर्थ एवढाच, की प्रवाह गृहीत दिशेच्या उलट वाहतो. तसे एका वाक्यात लिहावे आणि पुढील प्रश्नाकडे वळावे.