अमरेलीपासून सुरुवात

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या व्याख्यानासाठी 'नेतृत्व आणि व्यक्तिविकास' हा विषय ठरला. या विषयावरची पुस्तके दुकानात ढिगाने मिळतात. पण बडोद्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. ज्यांच्या नावाच्या बागेत आपण सकाळी फिरायला जातो आणि ज्यांच्या नावाच्या विद्यापीठात आपल्या दोन-दोन पिढ्या शिकल्या, त्या सयाजीराव महाराजांच्या कामाची पद्धत आज आपल्यापुढे ठेवायची आहे. त्यांची थोरवी आपण सगळेच सांगतो. ते काम करत कसे, हे मात्र फारसे बोलले जात नाही.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ चा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा. घरचे नाव गोपाळराव. १८७५ च्या मे महिन्यात महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा बारा वर्षांच्या या शेतकऱ्याच्या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हते. मग एलियट नावाचे शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा, गणित, इतिहास आणि जोडीला व्यायाम. राज्याचा कारभार तेव्हा दिवाण राजा सर टी. माधवराव पाहत होते. तेही आपल्यासारखेच, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. शेवटच्या वर्षी त्यांनी या तरुण राजाला राज्यकारभाराचे पाठ दिले. ते पुढे 'मायनर हिंट्स' या नावाने छापले गेले. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांनी अधिकार हाती घेतले. अक्षरओळखीपासून राज्यकारभारापर्यंत सहा-साडेसहा वर्षे. त्यात चमत्कार नव्हता. रोजचा पाठ होता, आणि तो दुसऱ्या दिवशी पुढे सरकत होता.

आता त्यांच्या सर्वांत मोठ्या कामाकडे येऊ. प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करायचे त्यांच्या मनात होते. राजाच तो, एका हुकमाने साऱ्या राज्यात सक्ती जाहीर करता आली असती. त्यांनी तसे केले नाही. १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग सुरू केला. बडोदे राज्याचा मुलूख तेव्हा तुटक होता आणि अमरेली हा त्यातला दूर काठेवाडातला प्रांत. तिथेही सुरुवात अमरेली आणि आसपासच्या मोजक्या गावांपुरती झाली, मग हळूहळू ती तालुक्यात पसरली. सबंध राज्याला सक्तीचा कायदा लागू झाला तो १९०६ मध्ये. मध्ये तेरा वर्षे गेली.

ही तेरा वर्षे वाया गेली का? सक्ती म्हटली की आधी शिक्षक हवेत, शाळेला जागा हवी, गावातल्या मुलामुलींची यादी हवी, शेताच्या कामाच्या दिवसांत मूल घरी ठेवणाऱ्या बापाला समजवायला आणि वेळ पडल्यास दंड करायला माणूस हवा. मुलींना शाळेत पाठवायचे म्हणजे तर घरोघरचा विरोध. या सगळ्याचा अंदाज कागदावर येत नाही, तो गावात येतो. शिवाय याच काळात छप्पनियाचा भयंकर दुष्काळ पडला. गुजरातेतल्या जुन्या घरांत त्याचे नाव अजून निघते. अशा वेळी शाळांचा प्रयोग गुंडाळायला सबळ कारण होते. तरी तो चालू राहिला. पुढे १९११ मध्ये नामदार गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, तेव्हा त्यांच्या हाताशी बडोद्याचा दाखला होता. विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले, पण हे काम हिंदुस्थानात होऊच शकत नाही असे म्हणण्याची सोय मात्र उरली नाही.

यापुढची पायरी आम्हाला आणखी महत्त्वाची वाटते. चार इयत्ता शिकून शेतावर गेलेला मुलगा वाचायला काही मिळाले नाही तर शिकलेले विसरतो. शाळेपाठोपाठ म्हणून ग्रंथालय आले. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, ग्रंथपालांचे वर्ग निघाले, आणि ज्या खेड्यात ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जाऊ लागल्या. एका गावाने वाचून झाले की पेटी परत यायची आणि दुसरी जायची. गावाला स्वतःचे ग्रंथालय हवे असेल तर नियम साधा होता. खर्चाचा एक हिस्सा गावाने जमवायचा, एक प्रांत पंचायतीने द्यायचा आणि एक सरकारने. गावाने आपला वाटा आधी उचलायचा, यात सगळे आले. फुकट आलेली पेटी कोपऱ्यात पडते. वर्गणी देऊन आणलेल्या पुस्तकाची गाव चौकशी करते.

या कामात मोतीभाई अमीन यांचे नाव घेतलेच पाहिजे. चरोतरातले हे शिक्षक. राज्याची ग्रंथालय चळवळ सुरू होण्याआधीच त्यांनी मित्रमंडळींच्या मदतीने छोटी छोटी वाचनालये काढली होती. पुढे ते राज्याच्या ग्रंथालय खात्यात आले आणि गुजरातेतल्या ग्रंथालय चळवळीचे जनक म्हणून ओळखले गेले. नेतृत्व राजवाड्यातूनच येते असे नाही, शाळेच्या वर्गातूनही येते, हे या माणसाने दाखवले.

आपल्यापैकी वाचनाची आवड असलेल्यांना रियासतकार सरदेसाई ठाऊक असतील. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये महाराजांच्या नोकरीत आले. महाराजांना वाचून दाखवणे आणि राजपुत्रांना शिकवणे हे त्यांचे काम. शिकवण्यासाठी ते टिपणे काढत. त्या टिपणांतूनच इतिहासाचे पुस्तक तयार होऊ लागले आणि १८९८ मध्ये 'मुसलमानी रियासत' प्रसिद्ध झाली. पुढे मराठी रियासतीचे खंड निघाले. निवृत्तीनंतर १९३० पासून त्यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. पोटापाण्याची नोकरी सांभाळून, उद्याच्या पाठाची तयारी आज नीट करणाऱ्या माणसाच्या हातून हे घडले.

या तिन्ही उदाहरणांत आम्हाला काही गोष्टी सारख्या दिसतात. पाऊल लहान असले तरी जायचे कुठे ते आधी ठरलेले होते. अमरेलीची शाळा उघडताना साऱ्या राज्याचा विचार होता. दुसरे, मोजदाद होती. पटावर मुले किती, पेटी कुठल्या गावी आहे, खंड कितवा, हे सांगता येत होते. 'थोडे थोडे करत राहू' असे म्हणणारे पुष्कळ असतात. गेल्या महिन्यात किती केले, असे विचारले की त्यांतले बरेच गप्प होतात. आणि तिसरे, काम दुसऱ्याच्या हाती देता येईल असे बसवले होते. बोर्डन तीन वर्षांत परत गेले, तरी पेट्या गावोगाव फिरतच राहिल्या.

आता आपल्या घराकडे वळू. आपली मुले घरी मराठी बोलतात. आजीशी बोलतात, भांडतातही मराठीत. पण वाचायला दिले की, "तुम्हीच वाचून दाखवा ना!" अथर्वशीर्ष मोबाईलवर रोमन अक्षरांत शोधणारी मुले आपल्याच मंडपात दिसतात. स्मरणिकेसाठी मुलांचे लेख मागवले की बहुतेक इंग्रजीत येतात. गंमत अशी की हिंदीमुळे देवनागरी त्यांना येते, आणि 'ळ' तर गुजरातीने दिलेलाच आहे. म्हणजे अक्षरे आहेत, शब्द कानावर आहेत. नाही ती फक्त सवय. ही सवय आता लागली नाही तर पंधरा-वीस वर्षांनी ही स्मरणिका छापायची कुणासाठी, हा प्रश्न आहे. मंडळाचे कपाट पुस्तकांनी भरलेले राहील आणि किल्ली कुणी मागणार नाही.

दुसरी चिंता कार्यकारिणीची. तीच आठ-दहा नावे वर्षानुवर्षे यादीत आहेत. तरुण मंडळी मखर उभारायला येतात, ढोल वाजवायला येतात, विसर्जनाला रात्री उशिरापर्यंत थांबतात. हिशेबाच्या वहीला मात्र हात लावत नाहीत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. एकदम 'सचिव व्हा' म्हटले तर कोण होईल? जबाबदारीसुद्धा अंगवळणी पडावी लागते. तालमीत पहिल्याच दिवशी कोणी शंभर जोर काढत नाही.

म्हणून मंडळाने यंदा एक पेटी करायचे ठरवले आहे. तीस मराठी पुस्तके, त्यांतली निम्मी मुलांची. पेटी एका घरी पंधरा दिवस राहील, मग पुढच्या घरी जाईल. सुरुवात फक्त दहा घरांपासून. ज्या घरी पेटी येईल त्याने एक पुस्तक स्वतःच्या पैशाने तीत घालायचे. घरातल्या मुलाने किंवा मुलीने रोज दोन पाने मोठ्याने वाचायची, आजी-आजोबांनी ऐकायची. पेटीबरोबर एक वही राहील आणि कोणी काय वाचले ते वाचणाऱ्यानेच मराठीत लिहायचे, चुकले तरी चालेल. पेटीची व्यवस्था पंचविशीच्या आतल्या दोघांकडे असेल. कार्यकारिणी त्यांना महिन्यातून एकदा विचारेल, रोज सूचना देणार नाही.

दहा घरांनी काय होणार, अशी शंका काहींनी बोलून दाखवली आहे. शंका रास्त आहे. कदाचित चारच घरांत वाचन टिकेल. पण ती चार का टिकली आणि सहा का सुटली, हे वर्षभरात आपल्याला कळेल, आणि अकरावे घर घेताना ते उपयोगी पडेल. पुढच्या गणेशोत्सवात ती वही या मंडपात ठेवू. पाने भरलेली असली तर सगळे पाहतील, कोरी राहिली तरी सगळे पाहतील.

आज आरतीनंतर प्रसादाच्या टेबलाशेजारी नावनोंदणीचा कागद ठेवला आहे. ज्यांना पेटी घरी हवी असेल त्यांनी नाव लिहावे, आणि शक्यतो ते मुलांच्या हातून, मराठीत लिहून घ्यावे.

गणपती बाप्पा मोरया!